जाळं कापलं कोणी

आयलर्ट स्वयंपाकघरात दुसऱ्यांदा पडला आणि ती गोष्ट त्याने दोन दिवस दाबून ठेवली. गुरुवारी संध्याकाळी त्याची मुलगी विग्दिस उकडलेला मासा आणि बटाटे घेऊन आली, तर म्हातारा डाव्या हातात काटा धरून जेवायला बसला. त्र्याऐंशी वर्षांत त्याने डाव्या हाताने कधी नाकसुद्धा पुसलं नव्हतं. तिने त्याची उजवी बाही वर केली. कोपरापासून मनगटापर्यंत हात काळानिळा पडला होता.

नगरपालिकेचं पत्र टेबलावरच होतं, कॉफीच्या कपाखाली. वृद्धनिवासातली सात नंबरची खोली रिकामी झाली होती. सोमवारी दुपारी बारापर्यंत होकार कळवायचा, नाहीतर ती यादीतल्या पुढच्या माणसाला जाणार. हेस्टवेरसारख्या छोट्या मासेमारी गावात अशी खोली दोन-तीन वर्षांतून एकदा रिकामी होते. आयलर्टच्या घराचा जिना उभा, न्हाणीघर वरच्या मजल्यावर आणि शेजार अर्धा किलोमीटर लांब. डॉक्टरने विग्दिसला आडपडदा न ठेवता सांगितलं होतं की तिसऱ्यांदा पडला तर दोन दिवस कोणाला कळणार नाही, आणि नंतर कळून उपयोग नसेल.

"सहा नंबरमध्ये कोण राहतो, माहीत आहे ना?" आयलर्ट म्हणाला. "त्या चोराच्या भिंतीला डोकं लावून मी झोपणार नाही. त्यापेक्षा इथे पडेन, माझ्या स्वतःच्या फरशीवर."

सहा नंबरमध्ये आन्सगार राहत होता. आयलर्ट आणि आन्सगार एका वर्गात शिकले, एकाच वसंतात दोघांनी बोटी घेतल्या, आणि एकाच्या लग्नात दुसरा इतका प्यायला होता की नवरीच्या बापाने त्याला हातगाडीवरून घरी पोचवला. मग एकतीस वर्षांपूर्वी मार्चमध्ये एक वादळ आलं. वादळानंतर आयलर्ट जाळी ओढायला गेला तर एकाला एक जोडलेल्या सहा जाळ्यांची अख्खी लड गायब. हाताला लागला तो फक्त वरचा तरंगा आणि त्याला लोंबणारी वावभर, म्हणजे पसरलेल्या दोन हातांत मावेल एवढी दोरी. दोरीचं टोक सुरीने कापावं तसं साफ होतं. आणि त्याच सकाळी त्या बाजूला आन्सगारची बोट घिरट्या घालताना त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती.

मासळीच्या धक्क्यावर, भर दुपारी, गावासमोर त्याने आन्सगारला जाळीचोर म्हटलं. गंमत अशी की आन्सगारही तेच म्हणायला धक्क्यावर आला होता. त्याचीही जाळी गेली होती, त्याच्याही हातात साफ कापलेली दोरी होती, आणि त्यानेही आयलर्टची बोट पाहिली होती. आमच्या किनाऱ्यावर माणूस पत्त्यांत लबाडी करेल, कर भरताना करेल, बायकोशीही करेल, पण दुसऱ्याच्या जाळ्याला हात लावणार नाही. त्यामुळे हे प्रकरण मिटण्यातलं नव्हतं. त्या दिवसापासून दोघे एकमेकांना पाण्यात पाहू लागले.

खरं तर पोलिसाने तेव्हाच सोक्षमोक्ष लावला असता. त्याने एकच साधा प्रश्न विचारला होता, जाळी नक्की कुठे टाकली होती? आयलर्ट म्हणाला, "बाहेर." आन्सगार म्हणाला, "बाहेर, जरा पलीकडे." यापुढे दोघांनी तोंडाला कुलूप लावलं. कारण जागा सांगणं म्हणजे खूण सांगणं, आणि खूण कोणी सांगत नाही. समुद्रावर पाटी लावता येत नाही; मासळीची जागा किनाऱ्यावरून दोन रेघा जुळवून लक्षात ठेवायची. चर्चचा मनोरा अमक्या छपरावर आला की एक रेघ, डोंगराची खाच तमक्या खांबावर आली की दुसरी, आणि दोन्ही रेघा जिथे मिळतात तिथे जाळं. ही खूण बाप मुलाला देतो, बोटीत बसून, तोंडी. बायकोला देत नाही आणि मरताना पाद्र्यालाही देत नाही.

विग्दिसला ती मिळाली नव्हती. ती बापाबरोबर सोळाव्या वर्षापर्यंत मासेमारीला गेली, मग बोटदुरुस्तीच्या कारखान्यात लागली आणि समुद्राच्या तळापर्यंत बुड्या मारायला शिकली. दर रविवारी हवेचं सिलिंडर पाठीला बांधून ती खाली जायची. खाली जाऊन मासे नुसते बघायचे आणि रिकाम्या हाताने वर यायचं, यात काय अर्थ आहे, हे आयलर्टला आजवर उमगलेलं नव्हतं. अशा मुलीला खूण देऊन ती करणार काय?

त्या गुरुवारी मात्र विग्दिसने भांडी घासता घासता सौदा मांडला. बाबाने जागा सांगायची, ती खाली जाऊन बघणार. वादळाने गेलेली जाळी तळाला पडून असतात; नायलॉन कुजत नाही. दोरी सुरीने कापलेली निघाली तर ती वृद्धनिवासाचं नाव परत काढणार नाही. कारखान्याच्या माडीवरचं तिचं बिऱ्हाड सोडेल आणि इथे माळ्यावरच्या तिच्या जुन्या खोलीत राहायला येईल. पण दोरी कापलेली नसेल तर सोमवारी होकार.

"आणि तू खरं सांगशील?" आयलर्टने विचारलं.

"मी कधी खोटं सांगितलंय?"

हे म्हणताना ती घासलेलंच भांडं परत घासत होती. बावन्न वर्षांची बाई. नवऱ्यापासून वेगळी झाल्यावर दहा वर्षांनी कुठे तिचं बस्तान बसलं होतं. कारखान्यावरच्या दोन खोल्या, खिडकीत टोमॅटोची रोपं, शुक्रवारचं गाण्याचं मंडळ. बापावर तिचा जीव होता, पण माळ्यावरच्या त्या उतरत्या छताखाली परत झोपायचं या कल्पनेनेच तिला गुदमरल्यासारखं झालं. तरी शब्द देऊन बसली.

आयलर्टने पालिकेच्या पत्राच्या पाठीवर पेन्सिलीने खूण लिहून दिली. चर्चचा मनोरा शाळेच्या छपरावर, डोंगराची खाच लोखंडी खांबाच्या डाव्या बाजूला. लिहून दिली, इथेच विग्दिसला शंका यायला हवी होती.

पाण्याखाली एकट्याने जायचं नाही, हा विग्दिसच्या पाणबुड्यांच्या क्लबाचा पहिला नियम. पण ईस्टर आठवड्यावर आला होता आणि क्लबातले झाडून सगळे स्की घेऊन डोंगरातल्या आपापल्या झोपड्यांत पळाले होते. गावात उरला होता एकच, योमार. चौतीस वर्षांचा इलेक्ट्रिशियन, पाण्याखाली शांत आणि पाण्यावर बडबड्या, आणि आन्सगारच्या मुलीचा मुलगा. विग्दिसने त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, माझ्या आजोबांनी जाळं कापलं असेल तर मलाही बघायचंय, निदान घरात एकाला तरी सुरीला धार लावता येते हे कळेल.

शनिवारी त्यांनी खुणा जुळवल्या, योमारच्या बायकोला बोटीत बसवलं आणि दोघे उतरले. पाणी चार अंशांचं. ड्रायसूटच्या, म्हणजे पाणी आत न घेणाऱ्या पोशाखाच्या आत लोकरीचे दोन थर असले तरी कपाळाची जी बोटभर पट्टी उघडी राहते तिथून थंडी खिळ्यासारखी आत जाते. खाली काय, तर वाळू. सपाट, फिकी, निर्मनुष्य वाळू. पस्तीस मिनिटं ते गोल गोल फिरले. एक चपटा मासा उठून दुसरीकडे जाऊन बसला, एवढीच घडामोड.

विग्दिस ओल्या केसांनी थेट बापाच्या घरी गेली. तिने कोटही काढला नाही.

"बाबा, तू खोटी खूण दिलीस."

आयलर्टने नाही म्हटलं नाही. त्याने टेबलावरचा पावाचा चुरा गोळा केला, एका कडेला ढीग केला, मग म्हणाला की पेन्सिल हातात घेतली आणि हात आपोआपच तसा गेला. साठ वर्षं जो विचारेल त्याला तो हीच खोटी खूण देत आला होता. कर खात्याच्या माणसालासुद्धा हीच दिली होती.

"मी कर खात्याची आहे का?"

"नाहीस," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. बापाला लाजलेलं विग्दिसने पहिल्यांदाच पाहिलं आणि तिचा राग अर्धा उतरला. उरलेला अर्धा तिने तसाच ठेवला, कारण तो उपयोगी पडणार होता. ती म्हणाली, उद्या तू बोटीत येणार. तो म्हणाला, येतो. मग म्हणाला, "पण आन्सगारचा तो नातू बघणार नाही."

रविवारी सकाळी वारा पडला होता. पाण्यावर मार्चमधलं ते उजेडाचं कोवळं पांढरेपण होतं. नारिंगी तरंगता डगला घातलेल्या आयलर्टला त्यांनी दोन बाजूंनी धरून बोटीत घेतलं आणि मधल्या फळीवर बसवून गुडघ्यांवर घोंगडी टाकली. बसताक्षणी त्याची पाठ ताठ झाली. नऊ वर्षांत तो बोटीत बसला नव्हता. त्याने पहिला हुकूम सोडला तो जागा दाखवणारं यंत्र बंद करण्याचा. दुसरा, दोघांचे फोन डब्यात. तिसरा योमारला, तोंड फिरव.

"आयलर्ट, पाण्याखाली गेल्यावर मला दिसणारच आहे," योमार म्हणाला.

"खालून खूण दिसत नाही. फिरव."

योमारने ड्रायसूटची टोपी उलटी घातली, चेहरा झाकून घेतला आणि बोटीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, बुजगावण्यासारखा बसून राहिला. विग्दिस सुकाणूवर होती. आयलर्ट तिच्याकडे वाकला आणि तिच्या कानात बोलू लागला. त्याच्या श्वासाला कॉफीचा आणि चघळायच्या कापराच्या गोळ्यांचा वास होता. पहिली रेघ, मग दुसरी. ती काय होती ते मी इथे सांगणार नाही; सांगणं बरं नव्हे. मनोरा हळूहळू सरकत गेला, जिथे यायला हवा तिथे आला, खाच येऊन टेकली, आणि आयलर्टने हात वर केला. साठ वर्षांच्या मासेमारीची खात्री त्या हातात होती.

"माझ्या बापाची आहे ही," तो म्हणाला. "आता तुझी."

विग्दिसला फार आनंद झाला होता आणि तो चेहऱ्यावर दिसू नये म्हणून ती नांगराच्या दोरीशी खटपट करत बसली. या जागी क्लब कधी आलाच नव्हता. पलीकडे बुडीत खडक, ओढ जबर. इथे कोणी कशाला येईल.

नांगराची दोरी धरून दोघे खाली गेले. हिरवटपणा मागे पडला आणि पाणी एकदम काचेसारखं झालं. वसंतातलं शेवाळ अजून फुललं नव्हतं. दहा मीटरवर विग्दिसला खाली काहीतरी सरळ दिसलं. समुद्राच्या तळाशी सरळ रेघ नसते. सरळ रेघ माणसाची असते.

ते विमान होतं. वाळूत पोटावर बसलेलं, एक पंख पूर्ण पसरलेला, दुसरा खडकावर आपटून मुळापासून दुमडलेला. पाण्यावर टेकायला पोटाखाली असलेल्या दोन लांब तरंग्यांपैकी एक शाबूत होता. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात एक जर्मन सागरी विमान बेटांमागे उतरताना बुडालं आणि त्यातले चौघे भिजलेल्या मांजरांसारखे किनाऱ्याला लागले, ही गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक होती. क्लबाने तीन उन्हाळे ते बाहेरच्या खोल पाण्यात शोधलं होतं. आणि ते इथे होतं, चौदा मीटरवर, आयलर्टच्या बापाच्या खुणेखाली. दोन पिढ्या जर्मन पंखाच्या सावलीतला कॉड मासा खात मोठ्या झाल्या होत्या. विग्दिस तोंडातल्या नळीतच हसली आणि मुखवट्यात थोडं पाणी शिरलं.

कॉड होतेच. पंखाखाली ओळीने उभे, जाडजूड, हलायची घाई नसलेले. पंखावर पांढऱ्या समुद्रफुलांची दाटी होती. उघड्या पडलेल्या इंजिनाच्या खोबणीत एक बेढब, लाल पोटाचा मासा आपल्या अंड्यांवर पहारा देत होता. विग्दिसचा टॉर्च अंगावर पडला तरी तो जागचा हलला नाही, उलट तिच्याकडेच रोखून बघत राहिला. सगळं इतकं सुंदर होतं की आपण कशाला आलोय ते ती क्षणभर विसरली.

योमारने तिचा दंड धरला आणि शेपटीकडे बोट दाखवलं.

शेपटीवर जाळी होती. एक लड नाही, नुसता ढीग. एकात एक पिळलेली, शेवाळाने केसाळ झालेली, शेपटीच्या उभ्या पट्टीभोवती तीन-चार वेढे. दोघे जपून जवळ गेले, कारण असल्या जाळ्याला मासा आणि माणूस यांतला फरक कळत नाही. तरी योमारच्या पायातला पोहायचा रबरी पंख अडकलाच. विग्दिसने त्याला हाताने थांबायची खूण केली, कात्रीने चार धागे तोडले, तो सुटला. त्याच्या श्वासाचे बुडबुडे मोठे मोठे झाले होते; थोड्या वेळाने लहान झाले.

मग तिने जाळ्यांचे तरंगे शोधायला सुरुवात केली. आमच्याकडे प्रत्येक तरंग्यावर तापल्या सळईने मालकाची अक्षरं डागलेली असतात. मोज्यातल्या अंगठ्याने तिने एक पुसला, बापाची अक्षरं निघाली. दुसरा, तीच. मग दोरी. ढिगातून वर जाणारी जाड दोरी तिला सापडली आणि तिने टॉर्च तिच्या टोकावर धरला.

टोक साफ कापलेलं होतं.

तिने परत पाहिलं. एकही धागा ओढलेला नाही, लोंबलेला नाही. सुरीनेच कापल्यासारखं. चौदा मीटर खाली, चार अंशांत, विग्दिसला घाम फुटला. तिच्या डोळ्यांपुढे टोमॅटोची रोपं आली, आणि लगेच स्वतःची लाजही वाटली. शब्द दिला होता. वर जाऊन खरं सांगायचं होतं, आणि खरं हे होतं.

हात बधिर होऊ लागले होते. मनगटावरच्या यंत्राने बत्तीस मिनिटं दाखवली. योमार परत चल म्हणून अंगठा वर करत होता. तिने एक बोट दाखवलं, एक मिनिट. कापणारा जर कापायला आला होता, तर तो वरून कापणार, तरंग्याजवळ. वावभरावर कापलेली दोरी तर बाबाच्या हातात आली होती. मग हे दुसरं टोक शेपटीपर्यंत खाली कसं? तरंगा सुटल्यावर दोरी सैल होऊन खाली बसेल, हे ठीक. पण खाली बसलेल्या दोरीचं टोक वाळूत हवं. हे टोक पत्र्यावर होतं.

तिने दोरी बोटांनी मागे मागे चाचपत नेली. शेपटीच्या पट्टीचा पत्रा वरच्या कडेला फाटून वळला होता, आणि त्या वळलेल्या कडेवर दोरीचे निळे धागे अडकलेले होते, दाढी केल्यावर पात्यावर केस राहतात तसे. तिने कडेला बोट टेकवलं. जाड रबराचा मोजा अलगद चिरला आणि बर्फाचं पाणी आत आलं. तिला ओरडावंसं वाटलं, आनंदाने. वादळाच्या ओढीने जाळी विमानात गुंतली, ताणलेल्या दोरीने तरंगाही पाण्याखाली ओढला, आणि त्या पत्र्याने ती लोण्यासारखी कापली. माणसाचा हात तिथे पोचलाच नव्हता.

तिने योमारला बोलावलं. त्याने कॅमेऱ्याने कडेचे फोटो काढले, दोरीचे काढले. मग तो एकदम थांबला. ढिगाच्या दुसऱ्या बाजूला त्याने एक तरंगा अंगठ्याने घासला आणि टॉर्चच्या उजेडात विग्दिससमोर धरला. त्यावरची अक्षरं आयलर्टची नव्हती.

विमानाचं काही उचलायचं नाही, हा क्लबाचा दुसरा नियम. जाळी विमानाची नव्हती. दोघांनी एकेक तरंगा कापून घेतला आणि ते वर निघाले.

आयलर्ट बोटीच्या काठावर वाकून बसला होता. त्याच्या हातातली घोंगडी पिळवटून दोरीसारखी झाली होती. विग्दिसने तोंडातली नळी काढली. ओठ बधिर होते, शब्द नीट येईनात. तरी तिने पाण्यातूनच सगळं सांगितलं, विमान, शेपटी, पत्रा, कोणी कापलं नाही ते.

"तू स्वतः पाहिलंस?"

तिने चिरलेला मोजा वर केला. बोटातून थोडं रक्त येत होतं. म्हाताऱ्याने ते पाहिलं आणि मान हलवली. फोटो त्याने मागितलेच नाहीत.

मग योमारने त्याच्या मांडीवर दोन तरंगे ठेवले. एकावर त्याची अक्षरं, दुसऱ्यावर आन्सगारची. आयलर्ट त्यांच्याकडे बघत राहिला. त्याचा चेहरा हळूहळू बदलला, आणि विग्दिसला वाटलं, आता हा रडतो. पण त्याने मान वर केली तेव्हा तो चांगलाच संतापलेला होता.

"म्हणजे त्याला ती जागा माहीत होती?"

दुपारी वृद्धनिवासात रविवारच्या कॉफीला वाफल आणि तपकिरी चीज असतं. आयलर्ट काठी टेकत आत आला तसं अख्खं दालन गप्प झालं, कारण कोण कोणाशी बोलत नाही हे गावात पाळण्यातल्या पोरांनाही ठाऊक असतं. आन्सगार खिडकीपाशी बसला होता. एकेकाळी दार अडवणारा तो गडी आता खुर्चीत अर्धाच भरत होता. आयलर्ट त्याच्या समोर बसला. योमारने मध्ये वर्तमानपत्र पसरलं आणि दोन्ही ओले तरंगे त्यावर ठेवले.

विग्दिसने सांगायला सुरुवात केली. जाळी दोघांचीही एकाच जागी, एकाच विमानात, दोऱ्या पत्र्यावर तुटलेल्या. जागा कुठे, असं तिने म्हणताच आन्सगारने घाईने आजूबाजूला पाहिलं.

"हळू बोल," तो म्हणाला. "तो कोपऱ्यातला म्हातारा बहिरा नाहीये. सोंग करतो."

आयलर्टही पुढे झुकला. दोन्ही म्हाताऱ्यांची डोकी तरंग्यांवर जवळ आली. एकतीस वर्षांत इतकी जवळ आली नव्हती. हळू आवाजात जे भांडण सुरू झालं ते जाळ्यांचं नव्हतं, जागा कोणाच्या बापाने आधी शोधली याचं होतं. आयलर्ट म्हणाला, माझ्या बापाने. आन्सगार म्हणाला, तुझ्या बापाला माझ्या बापाच्या मागे मागे जायची सवय होती. विग्दिस म्हणाली, विमानाचं उद्या संग्रहालयाला कळवावं लागेल, तसा कायदा आहे. दोघांनी एकाच वेळी तिच्याकडे पाहिलं आणि एकाच वेळी नाही म्हणाले. संग्रहालयाला कळलं की पेपरात येणार, पेपरात आलं की ट्रोंडहाइम शहरातून लोक येणार, मग कॉडचं काय? निदान ईस्टरनंतर कळव. योमार हसायला लागला आणि त्याला वाफलचा ठसका लागला. विग्दिसने मात्र बजावलं की कळवणार म्हणजे कळवणार, फार तर बुधवारी.

मग भांडण संपलं. आन्सगार आपल्या अक्षरांवरून बोट फिरवत होता.

"बोर्गहिल्डच्या दफनाला मी आलो होतो," तो म्हणाला. बोर्गहिल्ड म्हणजे विग्दिसची आई. "आत नाही आलो. भिंतीबाहेर उभा राहिलो."

विग्दिसला हे ठाऊक नव्हतं. तिने बापाकडे पाहिलं.

"मला दिसला होतास," आयलर्ट म्हणाला. "टोपी काढून उभा होतास. गारा पडत होत्या."

"दिसलो होतो?"

"हो. वाटलं, फाटक उघडावं." त्याने आपला तरंगा वर्तमानपत्रावर सरळ लावला. "नाही उघडलं. नऊ वर्षं झाली. रोज वाटतं, उघडायला हवं होतं."

आन्सगारने मान हलवली. त्याचे डोळे भरून आले होते आणि त्याने ते पुसायची तसदी घेतली नाही. थोड्या वेळाने त्याने वाफलची बशी आयलर्टपुढे सरकवली आणि म्हणाला, सात नंबरला सकाळचं ऊन येतं, माझ्या खोलीला येत नाही. आयलर्ट म्हणाला, मग तू सकाळी तिकडे येऊन बस. डाव्या हातात काटा धरून त्याने वाफल अख्खा संपवला.

परतताना गाडी विग्दिस चालवत होती. बोटाला बांधलेली पट्टी ठणकत होती आणि तिला इतकं हलकं वाटत होतं की घाटाच्या वळणावर ती मुद्दाम सावकाश गेली. घरापाशी गाडी थांबली तरी आयलर्ट उतरेना. उभ्या जिन्याच्या दाराकडे बघत बसला.

"उद्या बारापर्यंत थांबू नकोस," तो शेवटी म्हणाला. "पालिकेचं ऑफिस आठला उघडतं."